वाईस घेताना कारीगराला विचारा

कापडाच्या व्यापाऱ्याने लोखंडी औजारावर का लिहावे, असे वाचक विचारतील. आमचे कापड भिवंडीच्या मागांवर विणले जाते, आणि माग चालतो जॉबरच्या हुनरावर. जॉबरचा तिसरा हात म्हणजे वाईस. कुणी त्याला बांक म्हणतो, पुस्तकात शेगडा लिहितात.

काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतःचे थोडे माग घातले, तेव्हा बाजारातला सर्वांत स्वस्त वाईस आणला. आमचे जुने जॉबर म्हणाले, "शेठ, हा बिडाचा आहे. यावर ठोकाठोक चालणार नाही." आम्ही ते हसण्यावारी नेले. एके दिवशी वाकलेला दांडा ठोकून सरळ करताना जबडा तडकला. बीड दाब सोसते, घाव सोसत नाही. आणि एकदा तडकले की वेल्डिंगने नीट जोडणेही कठीण. दोन दिवस काही माग बंद राहिले, माल उशिरा गेला. बोल मात्र आम्ही जॉबरलाच लावला. चूक आमची होती.

तेव्हा काम पाहून वाईस घ्यावा. कानस आणि करवतीच्या कामाला बिडाचा बेंच वाईस पुरतो. त्याचे माप जबड्याच्या रुंदीवर ठरते. घणाचे काम असेल तर घडीव पोलादाचा, जमिनीला टेकणारा पाय असलेला लेग वाईस हवा; घाव पायावाटे जमिनीत जातो. सुताराला जबड्याला लाकडी अस्तर लावलेला, नळवाल्याला खाचेच्या जबड्याचा, घड्याळवाल्याला मुठीत मावणारा. कोणताही घ्या, जबड्याच्या पट्ट्या पाणी दिलेल्या पोलादाच्या आहेत का, स्क्रू अडखळत तर नाही ना, हे पाहा. पितळेचा किंवा गुळगुळीत भाग धरताना मध्ये तांब्याचा पत्रा घालावा. दांडीला पाइप लावून आवळू नये. बैठक अशी असावी की जबडा कारीगराच्या कोपराच्या उंचीला येईल. नाहीतर संध्याकाळी त्याची कंबर धरते.

मालक बंधूंनो, सूत घेताना आपण कोन उलटसुलट करून पाहतो, मग औजार घेताना फक्त भाव का विचारतो? पैसे आपण देतो, पण दिवसभर त्यावर राबतो कारीगर. पुढच्या वेळी खरेदीला जाताना त्याला सोबत न्या. थोडे पैसे जास्त जातील, पण माग उभे राहणार नाहीत.