पत्र्याला भोक पाडताना

विहिरीवरच्या मोटारीची लोखंडी पेटी बाहेरून कितीही नवी दिसली, तरी प्रथम पाहावे ते तार आत शिरते ते भोक. खिळा ठोकून पाडलेल्या भोकाच्या कडेला पत्र्याचे दाते उभे राहतात. मोटारीच्या हादऱ्यांनी ते तारेवरचे आवरण हळूहळू कातरतात आणि एके दिवशी वीज पेटीत उतरते. अर्थिंगही तुटलेले असेल, तर हात लावणारा बहुधा ओल्या मातीत अनवाणी उभा असतो, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

नेहमीच्या ड्रिलनेही हे काम नीट साधत नाही. जाड लोखंडात बिटाला चहूबाजूंनी आधार मिळतो. सव्वा मिलिमीटरच्या पत्र्यात मात्र पूर्ण व्यास लागण्यापूर्वीच टोक पलीकडे जाते. निराधार बिट डगमगते, भोक तिकोनी होते आणि धार अडकली की सारा पत्राच गरगर फिरतो. बोटे कापतात ती याच क्षणी.

यावर उपाय स्टेप बिटाचा. त्यास 'पायऱ्यांचे गिरमिट' म्हणावे असे मनात होते. परंतु आपल्या सीमाभागात गिरमिट म्हणताच चुरमुऱ्यांची बशी पुढे येते, तेव्हा रूढ शब्दच बरा! हे बिट निमुळते असून त्यावर, उदाहरणार्थ, 4 पासून 20 मिलिमीटरपर्यंत दोन-दोनच्या चढत्या नऊ पायऱ्या असतात. प्रत्येक पायरी भोक थोडेसेच रुंदावते, त्यामुळे मध्य ढळत नाही. हवे ते माप झाल्यावर पुढची पायरी कडेला अलगद टेकवली, की वरची बर निघते. मागची बाजू कानशीने साफ करावी. पत्रा मात्र एका पायरीच्या उंचीपेक्षा पातळ हवा.

मध्यबिंदूवर सेंटर पंचाची खूण करावी, पत्रा क्लॅम्पने जखडावा, तेलाचा थेंब सोडावा. व्यास वाढत जाईल तसा वेग कमी करावा. फेरे तेवढेच राहिले तर 20 मिलिमीटरच्या पायरीची धार चारच्या पायरीहून पाचपट वेगाने घासते. पुष्कळजण नेमके उलट करतात, वेग वाढवून जोर देतात आणि धार निळी पाडून घेतात. डोळ्यांवर चष्मा असावा, हातमोजे नसावेत. फिरते बिट मोजा ओढून घेते, मागोमाग हातही.

पेटी जुनी असल्यास मेन स्विच बंद करून, तारा सोडवून, ती खाली उतरवावी. भोक झाल्यावर आतला कीस ब्रशने झाडावा, कडेला रबरी ग्रोमेट बसवावे आणि मगच तार ओवावी.