‘न्यूरो’च्या पाटीआधी नोंदणी पाहा

मानसशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना माझं कळकळीचं सांगणं आहे. मेंदूला इजा झालेल्यांचं वागणं सावरण्याच्या कामाकडे जरूर वळा, तिथे माणसं फार कमी आहेत. पण ‘न्यूरो’ असं छापलेलं दोन महिन्यांचं प्रमाणपत्र घेऊन कुणी थेरपिस्ट होत नाही.

आधी काम समजून घ्या. दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेला तरुण घरी येतो. जखम भरलेली असते, चालता-बोलता येतं. तरी क्षुल्लक कारणावरून भडकतो, काम अर्ध्यात सोडतो, सकाळचं दुपारी विसरतो. घरचे म्हणतात, “स्वभावच बदलला.” तो मुद्दाम करत नसतो. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की रागावरचा ताबा सुटतो, कामाची आखणी जमत नाही. मग लक्ष, स्मृती, नियोजन यांच्या चाचण्या घ्यायच्या, काय शाबूत आहे ते शोधायचं आणि त्याच्या आधारानं त्या तरुणाचा दिवस पुन्हा बसवायचा. वही, मोबाइलचा गजर, एका वेळी एकच काम. राग चढण्याआधीच्या खुणा घरच्यांनाही शिकवाव्या लागतात. दुसऱ्या महायुद्धात मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी जखमी सोव्हिएत सैनिकांसाठी हीच वाट धरली होती. फरक दिसायला महिने लागतात, आणि कधी थोडकाच दिसतो.

रस्ताही लांबचा आहे. पदवी, मग एम.ए., त्यानंतर रुग्णालयात अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालचं प्रशिक्षण. आजवर ते क्लिनिकल सायकॉलॉजीच्या दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम.फिल.मधून मिळत आलं. बंगळुरूची निम्हान्स ही संस्था त्यासाठी नावाजलेली. एम.फिल. आता मोडीत निघत असल्यानं अभ्यासक्रमांची नावं बदलत आहेत. म्हणून सीनियरच्या सांगण्यावर विसंबू नका, भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची चालू यादी स्वतः पाहा. परिषदेच्या नोंदणीशिवाय क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करणं १९९२च्या कायद्यानं गुन्हा आहे. फी भरण्याआधी संस्थेला विचारा: मान्यता कुणाची, रुग्ण कुठे पाहायला मिळणार, देखरेख कोण करणार? उत्तर टाळलं तर पैसे भरू नका.

मेंदूची रचना अवघड वाटते म्हणून ऑप्शनला टाकू नका. सुट्टीत एखाद्या पुनर्वसन केंद्रात परवानगी काढून मदतनीस म्हणून जा. त्याच रुग्णाकडून तेच काम रोज नव्यानं करून घेताना कंटाळा आला नाही, तर प्रवेश परीक्षेच्या तयारीला लागा.