सेन्सरला फसवून ताकद वाढत नाही

इंजिनात जाणाऱ्या हवेचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरीत काही रुपयांचा रेझिस्टर जोडला की पेट्रोल गाडीचा पिकअप वाढतो, असे सांगितले जाते. रेझिस्टरमुळे गाडीच्या संगणकाला हवा आहे त्यापेक्षा थंड भासते. थंड हवेत ऑक्सिजन जास्त, म्हणून तो जादा पेट्रोल सोडतो. प्रत्यक्षात ऑक्सिजन तेवढाच असतो. मग ताकद येणार कुठून?

एरवी एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर ही चूक पकडून पेट्रोल पुन्हा कमी करतो. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर मात्र हा अंकुश सुटतो. तेव्हा पेट्रोल आधीच जास्त ठरवलेले असते. त्यात आणखी भर पडली की अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड वाढतो. रंग-गंध नसलेला हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 हून अधिक पट घट्ट चिकटतो. जादा इंधनाने तापून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी झाला, तर तो थेट सिग्नलवर मागे थांबलेल्या दुचाकीस्वाराच्या छातीत जातो.

थर्मामीटरवर खोटा आकडा दाखवून ताप उतरत नाही. पिकअप मंदावला असेल, तर एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि टायरमधली हवा तपासावी. सेन्सरला खरे बोलू द्यावे.