लग्नाच्या दारावरचा पहारा

दोस्तहो, बाईनं बाईशी, बाप्यानं बाप्याशी लग्न करायचं हे बंगलेवाल्यांचं खूळ आहे, आपल्याकडे भाकरीचे वांधे आहेत, असं आपलीच पोरं बोलतात. गोदीतही बोलतात, बैठकीतही बोलतात. आपलेच आहेत म्हणून तोंडावर सांगतो : हे वाक्य तुमचं नाही, सरकारचं आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं सुप्रीम कोर्टात ही मागणी ‘शहरी उच्चभ्रूं’ची ठरवली. सरकारची गोणी आपण फुकट कशाला वाहायची?

भाकरीचंच बोलू. एका खोलीत, एका चुलीवर दोन हमाल जोडीनं वीस वर्षं राहिले. क्रेनचा रोप तुटला, एक खलास. भरपाईचा कायदा विचारतो, मयताचे अवलंबित कोण? बायको, पोरं, आईबाप. ज्यानं वीस वर्षं साथ दिली तो कायद्याला कुणीच नाही. २०२४ साली सरकारनं कळवलं की, अशा जोडीला रेशनकार्डासाठी एक कुटुंब धरा, बँकेत जोडखातं उघडू द्या. म्हणजे जिवंतपणी एका कार्डावर जेवा, मेल्यावर भरपाईत हिस्सा नाही. बंगलेवाला वकील ठेवतो, मृत्युपत्र करतो, निभावून नेतो. ज्याच्याकडे वकील नाही त्यालाच कायदा लागतो. मग हा प्रश्न कुणाचा झाला?

आता मुळाशी जाऊ. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, हे त्यात सांगितलं. १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’त जातीवरचा खरा उपाय सांगितला, तो आंतरजातीय विवाह. म्हणजे लग्न ही खाजगी बाब कधीच नव्हती. लग्न हे जातीच्या वाड्याचं दार आहे आणि तिथं दांडकं घेऊन पहारा बसलाय. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ ला आपल्या शाळकरी पोराला मारून झाडाला लटकवलं. गुन्हा काय, तर सवर्ण पोरीशी बोलल्याचा संशय! २०१७ साली आरोपी सुटले.

१९५४ चा विशेष विवाह कायदा आपल्या पोरापोरींना जातीबाहेर वाट देतो. पण तिथंही तीस दिवसांची नोटीस. कचेरीच्या भिंतीवर नावं चिकटवायची, कुणीही यावं, हरकत घ्यावी. पळून आलेल्या जोडप्याचा पत्ता मारेकऱ्यांना सरकारी खर्चानं! समलिंगी जोडपी कोर्टात गेली ती याच कायद्याचं दार ठोठवायला. त्यांच्या वकिलांनी या नोटिशीवरही बोट ठेवलं होतं. रांग एकच आहे दोस्तहो, पहारेकरी तेच आहेत.

१७ ऑक्टोबर २०२३ ला निकाल लागला. लग्न हा मूलभूत हक्क नाही, असं पाचही न्यायमूर्ती म्हणाले. लग्न नाही तर निदान जोडीला कायद्याची मान्यता द्या, तेही तिघांनी दोघांविरुद्ध नाकारलं. संसदेकडे जा म्हणाले. ९ जानेवारी २०२५ ला फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या. समाज तयार नाही, हे पालुपद आपण ओळखतो. १९२३ साली बोले ठराव झाला, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केलं. कागदावर. समाज तयार व्हायची वाट बघितली असती तर २० मार्च १९२७ उजाडलाच नसता.

घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेब बोलले ते घटनात्मक नैतिकतेवर. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ च्या बेडीतून समलिंगी माणसं सुटली, ती त्याच शब्दाच्या आधारानं. आपल्या बापाचा शब्द त्यांच्या कामी आला आणि आपण नाक मुरडायचं?

त्याही आधी, १९३४ साली, र. धों. कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकासाठी अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली, त्यात समलिंगी संबंधांचाही प्रश्न, हा गुन्हा. पुण्याचे सनातनी खवळलेले. कर्व्यांच्या बाजूनं वकील म्हणून कोण उभं राहिलं? बाबासाहेब. खटला हरले, पण उभे राहिले. आमच्याकडे पाण्याचे वांधे आहेत, असं ते म्हणाले नाहीत.

आता दोन शब्द त्या मित्रांनाही. २०१५ साली मुंबईच्या एका पेपरात समलिंगी मुलासाठी वर पाहिजे अशी जाहिरात आली, देशातली पहिली म्हणून गाजली. त्यात जातीची पसंतीही छापली होती. च्यायला, अर्धं दार तोडायचं आणि अर्ध्याची राखण करायची? दलित तृतीयपंथी आपल्या जातीच्या राखीव जागांतच वेगळा वाटा मागताहेत, त्या मागणीवर तुमच्यातले मोठे किती बोलतात? जातीला हात न लावता मिळालेलं लग्न हे पुन्हा वाड्यातलंच लग्न.

आणि आपल्या शाखेपुरतं : ‘छक्का’ ही शिवी आजपासून बंद. आपल्या जातींची नावं या देशानं शिवी म्हणूनच वापरली. शिवी झालेल्या नावाचा माणूस कसा जगतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. हक्काची मोजणी डोकी मोजून होत नसते. तशी झाली असती, तर तुम्ही-आम्ही अजून तळ्याच्या काठावरच असतो.

जय भीम!