तो आला, की ती आली?

वाचकहो, तुमच्या घरी कुणी ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’ वाचत असेल, तर नवा भाग आला की पान वाढून हाका मारत बसावं लागतं, हे तुम्हांला ठाऊक असेलच! रिच बर्ल्यू यांनी २००३ साली हे वेबकॉमिक सुरू केलं. माणसं काडीच्या हातापायांची, पण जादू नि लढाया अस्सल. छापील पुस्तकं पुन्हा काढण्यासाठी २०१२ साली चाहत्यांनी साडेबारा लाख डॉलरांहून जास्त रक्कम जमवली.

बेल्करचं मरण भाकितात आहे, ते टळेल का, यावर पोरं तासन्‌तास बोलतात. पण खरा जुना वाद जादूविद्या जाणणाऱ्या वार्सुव्हियसचा, म्हणजे ‘व्ही’चा. पुरुष की स्त्री? लेखकानं मुद्दामच सांगितलेलं नाही. जोडीदार इंकीरियसचंही तेच.

इंग्रजीत ‘दे’ म्हणून सुटता येतं. मराठीत? ‘आला’ म्हणा नाहीतर ‘आली’, पहिल्याच क्रियापदाला अडलात!

तरी वाट आहे. ‘व्हीनं ड्रॅगन मारला’: ‘नं’ लावला की क्रियापद ड्रॅगनच्या मागे जातं. ‘व्ही जिंकेल’: भविष्यकाळात लिंगाची भानगड नाही. सर्वनामाऐवजी नावच पुन्हा घ्यायचं.

यंदा फराळाला बसलात की मुलांना व्हीची गोष्ट मराठीत सांगायला लावा. आणि कॉलेजातल्या कुणाबद्दल ती ‘दे’ म्हणाली, तर ‘म्हणजे मुलगा की मुलगी?’ असं लगेच विचारू नका. एवढंच विचारा, ‘जेवायला येईल ना?’