मानाग्वाचे विद्यापीठ आणि सत्तेची भीती

मध्य अमेरिकेतील निकाराग्वा या लहानशा देशात १६ ऑगस्ट २०२३ रोजी एका विद्यापीठाचे दरवाजे बंद झाले. जेझुइट धर्मसंघाने १९६० साली मानाग्वा या राजधानीत स्थापन केलेले 'मध्य अमेरिकी विद्यापीठ' हे 'दहशतवादाचे केंद्र' असल्याचा ठपका ठेवून न्यायालयाने त्याची जमीन, इमारती आणि बँकांतील ठेवी सरकारजमा करण्याचा हुकूम काढला. त्यापूर्वीच विद्यापीठाची बँकखाती गोठविण्यात आली होती. पुढच्या आठवड्यात खुद्द धर्मसंघाचीच कायदेशीर मान्यता रद्द करण्यात आली आणि विद्यापीठालगतच्या निवासातून धर्मगुरूंना बाहेर काढण्यात आले. जप्त केलेल्या जागेत सरकारने लगोलग नवे राष्ट्रीय विद्यापीठ जाहीर केले व त्याला कासिमिरो सोतेलो यांचे नाव दिले.

हे सोतेलो कोण? ते याच कॅथलिक विद्यापीठातील विद्यार्थी नेते होते. सोमोसा घराण्याच्या हुकूमशाहीविरुद्ध लढताना १९६७ साली नॅशनल गार्डने त्यांना ठार मारले. म्हणजे ज्या आवारात सोतेलो घडले, ते आवार 'दहशतवादी' ठरवायचे आणि त्याच आवाराला सोतेलोंचे नाव द्यायचे, असा हा प्रकार आहे. राष्ट्राध्यक्ष दानिएल ओर्तेगा हेही तरुणपणी काही काळ याच विद्यापीठाचे विद्यार्थी होते. तेव्हा हा केवळ चर्च आणि सरकार यांच्यातील तंटा नाही. ज्ञानसंस्था नेमकी कोणाची असते आणि सत्तेला तिचे भय का वाटते, हा जुना प्रश्न मानाग्वात पुन्हा उभा राहिला आहे.

स्थापनेमागील हेतू

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयामुळे महाराष्ट्राला परिचित असलेल्या जेझुइट धर्मसंघाचा शिक्षणातील अनुभव काही शतकांचा आहे. परंतु मानाग्वातील विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याकडून कोणी बंडाची अपेक्षा केली नव्हती. मध्य अमेरिकेतील ते पहिले खाजगी विद्यापीठ. लिऑन शहरातील सरकारी विद्यापीठाला १९५८ साली स्वायत्तता मिळाली होती आणि तेथील विद्यार्थी सोमोसा राजवटीला उघड विरोध करू लागले होते. १९५९ च्या जुलैत तेथे विद्यार्थ्यांच्या मोर्चावर गोळीबारही झाला. अशा वेळी राजधानीत धर्मसंस्थेच्या देखरेखीखाली एक शिस्तशीर विद्यापीठ निघावे, त्यातून अभियंते, वकील आणि व्यवस्थापक बाहेर पडावेत, हे सत्ताधाऱ्यांना आणि धनिकांना सोयीचे होते. साठच्या दशकात रेक्टरपदी असलेले लिऑन पायाइस हे सोमोसा घराण्याचे नातलगच होते.

तथापि विद्यापीठ कोणत्या हेतूने काढले आणि ते पुढे काय झाले, या दोन गोष्टी क्वचितच जुळतात. वर्गात कायदा शिकविला की विद्यार्थी देशातील कायद्याकडे पाहू लागतो. अर्थशास्त्र शिकविले की जमीन कोणाची, हा प्रश्न तो विचारतो. सोतेलोंची पिढी अशीच तयार झाली. १९७० साली विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या कारभाराविरुद्धच आंदोलन पुकारले, तेव्हा फर्नांदो कार्देनाल हे जेझुइट धर्मगुरू आणि विद्यापीठाचे अधिकारी त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यांना आपले पद गमवावे लागले.

पुढे १९७९ मध्ये सांदिनिस्ता क्रांती यशस्वी झाल्यावर याच कार्देनालांनी १९८० च्या साक्षरता मोहिमेचे नेतृत्व केले. शाळा-महाविद्यालयांतील हजारो तरुण पाच महिने खेड्यांत जाऊन राहिले. निरक्षरतेचे प्रमाण सुमारे ५० टक्क्यांवरून १३ टक्क्यांच्या आसपास आले, असे त्या वेळचे सरकारी आकडे सांगतात. युनेस्कोनेही या मोहिमेचा गौरव केला. पुढे कार्देनाल शिक्षणमंत्री झाले. मंत्रिपद सोडण्यास नकार दिल्यामुळे १९८४ मध्ये धर्मसंघातून त्यांना बाहेर पडावे लागले आणि बऱ्याच वर्षांनी संघाने त्यांना पुन्हा सामावून घेतले. १९९० च्या स्वायत्ततेच्या कायद्याने राष्ट्रीय अर्थसंकल्पातील ६ टक्के रक्कम विद्यापीठांसाठी राखली गेली, तीत या कॅथलिक विद्यापीठालाही वाटा मिळाला. खाजगी असूनही ते सार्वजनिक सेवेची संस्था आहे, याची ही अधिकृत कबुलीच होती.

शेजारचा दाखला

एल साल्वाडोरमध्ये जेझुइटांनी १९६५ साली याच नावाचे दुसरे विद्यापीठ काढले. त्याची कहाणी अधिक रक्तरंजित आहे. तेथेही सरकारी विद्यापीठातील डाव्या विचारांना उतारा म्हणूनच सधन कुटुंबांनी त्याला पाठबळ दिले होते. दशकभरातच चित्र पालटले. १९७६ मध्ये लष्करी सरकारने जमीनसुधारणेची एक मर्यादित योजना मांडली, विद्यापीठाने तिला पाठिंबा दिला. आणि जमीनदारांच्या दडपणापुढे सरकारने माघार घेताच विद्यापीठाच्या नियतकालिकाने त्या माघारीवर कडक टीका केली. परिणामी सरकारी अनुदान थांबले आणि आवारात बाँबस्फोट झाले.

१९७९ पासून रेक्टर असलेले तत्त्वज्ञ इग्नासिओ एयाकुरिआ यांची भूमिका स्पष्ट होती. देशाची वस्तुस्थिती हाच विद्यापीठाचा पहिला अभ्यासविषय असला पाहिजे आणि त्या अभ्यासाचा लाभ ज्यांना विद्यापीठाची पायरी चढता येत नाही त्यांना मिळाला पाहिजे, असे ते मानीत. त्यांचे सहकारी, मानसशास्त्रज्ञ इग्नासिओ मार्तीन-बारो यांनी १९८६ मध्ये लोकमत अजमावणारी संस्था सुरू केली. यादवी युद्ध चालू असताना लोकांना विजय हवा की वाटाघाटी, हे तिने लोकांनाच विचारले. आणि बहुसंख्यांना वाटाघाटी हव्या आहेत, हे आकड्यांनिशी दाखविले. समाजशास्त्रज्ञ सेगुंदो मोंतेस यांनी निर्वासितांचा आणि मानवी हक्कांचा अभ्यास उभा केला.

१६ नोव्हेंबर १९८९ च्या पहाटे लष्कराच्या अत्लाकात्ल पलटणीतील सैनिकांनी विद्यापीठात शिरून या तिघांसह सहा धर्मगुरूंना गोळ्या घातल्या. तेथे आश्रयाला राहिलेली स्वयंपाकीण एल्बा रामोस आणि तिची किशोरवयीन मुलगी सेलिना यांनाही सोडले नाही. मृतांमध्ये अमांदो लोपेस होते. क्रांतीनंतरच्या पहिल्या वर्षांत ते मानाग्वाच्या विद्यापीठाचे रेक्टर होते. दोन विद्यापीठांचे नाते असे एका व्यक्तीच्या आयुष्यात आणि मृत्यूत गुंफले गेले आहे.

या हत्याकांडाने मारेकऱ्यांचा हेतू साधला नाही. अमेरिकी काँग्रेसने १९९० मध्ये एल साल्वाडोरची लष्करी मदत निम्म्याने रोखली, युद्ध शस्त्रांनी जिंकता येईल ही आशा दुबळी झाली आणि १९९२ च्या जानेवारीत तह झाला. तोवर सुमारे ७५ हजार माणसे मेली होती. न्याय मात्र रखडत आला. १९९१ मध्ये दोघा अधिकाऱ्यांना शिक्षा झाली, १९९३ च्या माफीच्या कायद्याने ते सुटले. अखेर २०२० मध्ये स्पेनच्या न्यायालयाने माजी कर्नल इनोसेंते मोंतानो यांना १३३ वर्षांची कैद सुनावली.

प्रभावाचे मूळ

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. साल्वाडोरच्या विद्यापीठावर चालून आले ते कम्युनिस्टविरोधाची शपथ घेतलेले लष्कर. मानाग्वाचे विद्यापीठ गिळले ते क्रांतीचा वारसा सांगणाऱ्या सरकारने. दोघांचे झेंडे परस्परविरोधी, परंतु भीती एकच. ती धर्मोपदेशाची नव्हती. कॅथलिक प्रवचन देणारे मठ आणि चर्च दोन्ही देशांत भरपूर होते. भीती होती ती नोंदींची. कोण मेले, किती मेले, लोकांना काय हवे आहे, जमीन कोणाकडे आहे, याचा स्वतंत्र हिशेब ठेवणारी संस्था ही एकाधिकार गाजवू पाहणाऱ्या सत्तेला शस्त्रधारी बंडखोरांइतकीच अडचणीची ठरते.

मानाग्वात हेच घडले. २०१८ च्या एप्रिलमध्ये सामाजिक विम्याच्या वर्गण्या वाढविणारा आणि निवृत्तिवेतनात कपात करणारा हुकूम निघाला, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्यांत या विद्यापीठाचे विद्यार्थी होते. सरकारने हुकूम मागे घेतला, पण दडपशाही थांबविली नाही. ३० मे रोजी मातृदिनाच्या मोर्चावर गोळीबार झाला, तेव्हा विद्यापीठाने फाटके उघडून हजारो लोकांना आत घेतले. त्या आंदोलनातील मृतांची संख्या आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाने ३५५ अशी नोंदविली आहे. उघडलेली ती फाटके सरकार विसरले नाही. २०२२ मध्ये कायदा बदलून विद्यापीठाचा ६ टक्क्यांमधील वाटा काढून घेण्यात आला. पुढच्या वर्षी विद्यापीठच काढून घेण्यात आले. त्याच काळात इतरही अनेक खाजगी विद्यापीठे बंद झाली, २२२ राजकीय कैद्यांना देशाबाहेर काढून त्यांचे नागरिकत्व हिरावले गेले आणि २०२५ च्या घटनादुरुस्तीने ओर्तेगांच्या पत्नी रोसारिओ मुरिल्यो सहराष्ट्राध्यक्ष झाल्या.

आक्षेप आणि उत्तर

या सर्वावर एक आक्षेप घेता येतो आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. परदेशी मुळे असलेल्या धर्मसंघाच्या हाती उच्च शिक्षण का असावे? सार्वजनिक पैसा घेणाऱ्या संस्थेने लोकनियुक्त सरकारला उत्तर का देऊ नये? लॅटिन अमेरिकेत चर्चने शतकानुशतके जमीनदारांची आणि सेनानींची पाठराखण केली, हा इतिहास आहे. आणि ही दोन्ही विद्यापीठे प्रारंभी त्याच व्यवस्थेच्या सोयीसाठी निघाली, हेही वर आलेच आहे. सरकारने हिशेब तपासावेत, अभ्यासक्रमांचा दर्जा पाहावा, गरिबांच्या मुलांना प्रवेश मिळतो की नाही हे विचारावे. तो त्याचा अधिकार आहे.

परंतु तपासणी आणि जप्ती यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तपासणीत आरोप सिद्ध करावा लागतो, दुसऱ्या बाजूचे ऐकावे लागते. मानाग्वात यांपैकी काहीही झाल्याचे दिसले नाही. सरकारची तक्रार विद्यापीठ धार्मिक आहे ही असती, तर ती १९८० मध्येही असायला हवी होती. तेव्हा मात्र त्याच धर्मसंघाचा एक माणूस साक्षरता मोहीम चालवीत होता आणि सरकारला त्याचा अभिमान होता. तात्पर्य, बदलले ते सरकार.

या निर्णयाची किंमत कोणी मोजली? अर्धा अभ्यासक्रम झालेल्या विद्यार्थ्याने, ज्याच्या गुणपत्रिका त्याच जप्त कार्यालयातील कपाटात होत्या. नोकरी गेलेल्या अध्यापकाने आणि कारकुनाने. निकाराग्वाच्या इतिहासाचे मोठे संग्रहालय या विद्यापीठाच्या इतिहास संस्थेत होते. ते आता त्याच सरकारच्या ताब्यात आहे, ज्याच्याविषयी पुढचा इतिहास लिहायचा आहे. साल्वाडोर आणि ग्वातेमाला येथील जेझुइट विद्यापीठांनी निकाराग्वाच्या विद्यार्थ्यांसाठी शिक्षण पुढे चालू ठेवण्याची सोय केली, हे दिलासादायक असले तरी देश सोडणे किंवा दुरून शिकणे प्रत्येकाला परवडत नाही.

साल्वाडोरमध्ये माणसे मारली, पण विद्यापीठ उरले आणि आजही बोलते आहे. मानाग्वात माणसांना जिवंत ठेवून विद्यापीठ नाहीसे करण्यात आले. दुसरा मार्ग कमी रक्ताचा असल्याने जगाचे लक्ष त्याकडे कमी जाते, आणि म्हणूनच तो अधिक अनुकरणीय वाटण्याचा धोका आहे. बँकखाती गोठविणे, मान्यता काढणे, अनुदान तोडणे या गोष्टींना गोळीचा आवाज नसतो. जगातील शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी मानाग्वाकडे लक्ष ठेवावे ते यासाठी. आज तेथे सोतेलोंच्या नावाची पाटी आहे. त्या पाटीखाली शिकणाऱ्या मुलांपैकी एखादा उद्या विचारील की सोतेलो कोणाविरुद्ध लढले आणि ते शिकले कोठे. त्या प्रश्नाचे खरे उत्तर वर्गात देण्याची मुभा त्याच्या शिक्षकाला आहे की नाही, यावरच ते विद्यापीठ आहे की नुसती इमारत, हे ठरेल.