काढा की फांट? घरच्या मसाल्याच्या चहाविषयी

आमच्या गोंदिया जिल्ह्यात तुळस, आले आणि गवती चहा यांचे पेय ही काही नवलाईची वस्तू नव्हे. आषाढ-श्रावणात दिवसभर चिखलात उभे राहून धानाची रोवणी करून आलेल्या माणसास सायंकाळी या गरम पेयाने जे बरे वाटते, ते कोणत्याही वैद्याने शिकविलेले नाही. अशा घरगुती गोष्टीविषयी व्यवसायबंधूंशी काही बोलण्याची वेळ यावी, याचे कारण २०२० च्या करोनाकाळात आहे.

त्या वर्षी केंद्रीय आयुष मंत्रालयाने तुळस ४ भाग, दालचिनी २ भाग, सुंठ २ भाग व काळी मिरी १ भाग असा योग ‘आयुष क्वाथ’ या नावाने सुचविला. त्याचे ३ ग्रॅम चूर्ण १५० मिलिलिटर उकळलेल्या पाण्यात घालून चहाप्रमाणे दिवसातून एक-दोन वेळा घ्यावे, अशी सूचना होती. द्रव्ये परिचित, मात्रा सौम्य. आक्षेप घेण्याजोगे त्यात काही नव्हते. परंतु लोकांच्या ध्यानात राहिले ते एवढेच, की ‘काढा’ घ्यायचा आहे. मग मूठभर मसाला पातेल्यात घालून तो अर्धा अर्धा तास आटवला जाऊ लागला आणि दिवसातून चार-पाच वेळा प्यायला जाऊ लागला. तोंड आले, छातीत जळजळ होते, शौचावाटे रक्त पडते अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांना आम्ही त्या काळात खोदून विचारले, तेव्हा पुष्कळदा उत्तर एकच मिळे : “काढा तर घेतो ना रोज, डॉक्टरसाहेब!”

शार्ङ्गधराने क्वाथ आणि फांट यांत केलेला भेद आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केला आहे. क्वाथात द्रव्याच्या १६ पट पाणी घालून ते अष्टमांश उरेपर्यंत आटवावयाचे. फांटात ४ पट उष्ण जल द्रव्यावर ओतून गाळून घ्यावयाचे. पंचविध कषायांत फांट हा सर्वांत लघु. आयुष मंत्रालयाच्या योगात पाणी द्रव्याच्या ५० पट आहे आणि आटवण्याची सूचना नाही. म्हणजे नाव क्वाथाचे, कृती मात्र फांटाची आणि तीही अतिसौम्य. आमच्या मते सारा घोटाळा या नावातच आहे. क्वाथ हे औषध आहे. ते रुग्ण, व्याधी व काल पाहून वैद्याने द्यावे. घरी करावयाचा तो फांट.

तो चांगला कसा करावा, हेही सांगितले पाहिजे. दोन कप पाण्यास तुळशीची ५-६ पाने, गवती चहाचे एक पाते, सुंठेची चिमूट, एक-दोन ठेचलेली मिरी व दालचिनीचा नखाएवढा तुकडा पुरे. पाणी उकळले की भांडे उतरवावे, द्रव्ये घालावीत आणि झाकण ठेवून दहा मिनिटांनी गाळावे. तुळस व गवती चहा यांचा गुण त्यांच्यातील उडनशील तेलात असतो. उघड्या पातेल्यात उकळत ठेवल्यास तो वाफेबरोबर निघून जातो. गोडीसाठी किंचित गूळ घालावा. मध उष्ण पेयात नको. असा चहा सुगंधी होतो, घसा जाळत नाही आणि घरातील वडीलधाऱ्यांपासून सर्वांस आवडतो.

यापुढचा प्रश्न ऋतूचा. वर्षा, हेमंत व शिशिर या ऋतूंत हे पेय योग्यच. परंतु वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यात, तसेच पित्तप्रकोपाच्या शरदात, सुंठ-मिरीचा नित्य पाठपुरावा करणे म्हणजे आगीत तेल ओतणे. त्या दिवसांत धन्याचा हिम सांगावा. तोही शार्ङ्गधराचाच आहे.

औषधी दुकानदार बंधूंना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. बाजारात दालचिनी म्हणून पुष्कळदा जाड सालीचा कॅशिया मिळतो. खरी दालचिनी पातळ, अनेक पदरी व सहज मोडणारी असते. कॅशियात कुमारिन अधिक असते आणि ते दीर्घकाळ अधिक मात्रेत पोटात गेल्यास काहींच्या यकृतास अपाय होऊ शकतो. रोजच्या चहासाठी माल घेताना हा फरक पाहावा. दुसरे, पुडी देण्यापूर्वी ग्राहकाची चौकशी करावी. अम्लपित्त, रक्तार्श किंवा गर्भावस्था असल्यास, तसेच रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास, वैद्यांकडे पाठवावे. मिरीतील पायपरीन फेनिटॉइनसारख्या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढवू शकते. अपस्माराच्या रुग्णास हे सांगणे आपले कर्तव्य आहे. मधुमेहींना गूळ वर्ज्य करावयास सांगावे.

अशी चौकशी केल्याने एखादी पुडी कमी खपेल, हे आम्ही जाणतो. परंतु ‘वनस्पती आहे, अपाय कसला?’ हे वाक्य जेव्हा आपल्याच गल्ल्यावरून उच्चारले जाते, तेव्हा मात्रा, काल व प्रकृती यांचा विचार सांगणारे आपले शास्त्र आपणच खोटे पाडत असतो. देवरी-सालेकशाच्या गावांतून आलेला माणूस आपल्या शब्दावर विश्वास ठेवून पुडी घरी नेतो. त्या पुडीवर ‘काढा’ असे मोघम न लिहिता मात्रा, कृती, ऋतू आणि कोणी घेऊ नये या चार ओळी मराठीत छापाव्यात, अशी सर्व सभासदांस आमची आग्रहाची विनंती आहे.